राक्षसाचा पुढचा भाग

“मामा, स्विच कुठे ठेवू?” रेडीच्या घराच्या ओटीवर पाऊल टाकताटाकताच माझ्या भाचीने विचारले, आणि मी भाबडेपणाने भिंतीकडे बोट दाखवले. स्विच म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे बटण येते, त्याला माझा इलाज नाही. भाचीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मला चांगली ओळखीची आहे. एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ‘संगीत शाकुंतल’ हे कालिदासाने मराठीत लिहिले असे ठोकून दिले, की मीही त्याच्याकडे अशाच नजरेने पाहतो.

मग तिने पिशवीतून ती वस्तू बाहेर काढली. पूर्वीच्या शाळकरी पाटीएवढी एक काळी चकचकीत पाटी. दोन्ही बाजूंना दोन मुठी. हातात धरून खेळता येते, आणि मनात आले तर दूरदर्शन संचाला जोडून चारचौघांत खेळता येते. निन्टेंडो नावाच्या जपानी कंपनीची ही करणी. ही कंपनी 1889 साली क्योतो शहरात निघाली ती खेळण्याचे पत्ते करण्यासाठी, हे ऐकून मला गंमत वाटली. आमच्या वडिलांनी या घरात पत्त्यांचा जोड कधी येऊ दिला नाही. पत्ते म्हणजे कुळाचा नाश, असे त्यांचे ठाम मत होते. आणि आता त्या पत्तेवाल्यांचे पतवंड नातीच्या पिशवीत बसून, बसचे तिकीट न काढता, थेट त्यांच्या ओटीवर येऊन दाखल झाले होते!

ही 2025 च्या डिसेंबरातली गोष्ट. नाताळच्या सुट्टीत बहीण, मेहुणे, अकरा वर्षांची भाची आणि पाच वर्षांचा भाचा असे सगळे पुण्याहून आले होते. कारण म्हटले तर शेजारच्या गावची जत्रा. खरे कारण आबा. आबा म्हणजे आमचे धाकटे काका. आता ऐंशीच्या घरात आहेत आणि रेडीचे घर तेच सांभाळतात. उमेदीच्या काळात त्यांनी दशावतारात कामे केली, आणि तीही बहुतेक राक्षसाचीच. आवाज तसा होता, आणि उंचीही. जत्रेच्या दिवसांत मुलाबाळांनी घरी यावे, एवढाच त्यांचा वर्षाचा हट्ट असतो.

पहिल्याच संध्याकाळी ओटीवर रणधुमाळी सुरू झाली. मी आत माजघरात प्रश्नपत्रिका काढीत बसलो होतो. बाहेरून शस्त्रांचा खणखणाट, कुणाचे तरी गुरगुरणे, आणि मधूनच भाच्याची किंकाळी. शेवटी मी उठलो आणि प्राध्यापकाला शोभेल असे छोटेसे व्याख्यान दिले. समुद्र दहा मिनिटांवर आहे, माड आहेत, पुस्तकांचे कपाट आहे. हे सगळे सोडून परदेशी राक्षस कसले मारीत बसायचे?

“परदेशी नाहीत मामा,” भाची पाटीवरची नजर न काढता म्हणाली. “हा गेम पुण्यात केलाय. आणि हे आपलेच असुर आहेत. महाबलासुराचे.”

व्याख्यानाची पुढची टिपणे खिशात ठेवून मी तिच्याशेजारी बसलो.

खेळाचे नाव ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी. दोरीवर चालणारी, कोलांट्या मारणारी. तिला गोलू नावाचा धाकटा भाऊ आहे. देवांचे आणि असुरांचे मोठे युद्ध होऊन हजार वर्षे लोटली आहेत आणि माणसे असुरांना विसरून गेली आहेत. अशात राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर चालून येतात आणि मुले पळवतात. त्यांत गोलूही जातो. मग ही पोर भावाला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे धनुष्य मिळते. खांबाला लटकून गिरकी घ्यायची, भिंतीवर धावत जाऊन उडी टाकायची आणि असुरांना लोळवायचे. वरून दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत असतात, की ही एवढीशी मुलगी टिकेल का? नाटकातल्या सूत्रधाराचे काम देवच करतात म्हणा ना. मधूनमधून भिंतींवर जुन्या पहाडी शैलीची चित्रे येतात, आणि गोष्टीचा काही भाग तर चक्क सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितला आहे.

पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने हा खेळ केला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी ती उभी केली. 2017 साली त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो पुरा पडला नाही. चालकांपैकी एकावर राहते घर विकून पैसा घालण्याची पाळी आली. अखेर 18 ऑगस्ट 2020 रोजी खेळ प्रथम या स्विचवर आला, मागाहून इतर यंत्रांवर गेला, आणि त्याच वर्षी एका मोठ्या जागतिक पुरस्काराच्या ‘पहिली कलाकृती’ या विभागात त्याला नामांकन मिळाले. घर विकून राक्षस उभे करणारी माणसे! आबांनी हे ऐकले आणि मान डोलावली. बायकोच्या बांगड्या गहाण टाकून कंपनी चालवणारे मालक त्यांनी पाहिले होते.

“मग भेटला का गोलू?” मी विचारले.

भाचीचा चेहरा पडला. “तेच तर ना मामा! शेवट नीट होतच नाही. महाबलासुराशी लढाई होते आणि एकदम संपतं. गोलूचं पुढे काय झालं ते कळतच नाही. मी तीनदा खेळले.”

मात्र तिच्यापाशी एक बातमी होती. खेळाचा पुढचा भाग येणार असल्याचे 2025 साली जाहीर झाले होते. त्याचे नाव ‘राजी : कलियुग’. पण तो निघणार प्लेस्टेशन 5, एक्सबॉक्सची नवी यंत्रे आणि संगणक यांवर. म्हणजे गोलूचे काय झाले हे कळण्यासाठी घरात आणखी एक यंत्र आणावे लागणार होते. त्या यंत्राची किंमत ऐकून मेहुण्यांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

“पुढचा भाग, पुढचा भाग!” ते म्हणाले. “गोष्ट एका दमात का सांगत नाहीत? सगळा पैसे काढायचा धंदा.”

पण बहिणीने त्यांना लगेच पकडले. लग्नाआधीपासून ती त्यांना ओळखते. शाळकरी वयात ते दूरदर्शन संचापुढे बसून ‘पोकेमॉन’ पाहायचे, एवढेच नव्हे तर त्यातल्या प्राण्यांची चित्रे वहीत चिकटवायचे, हे तिने सगळ्यांसमोर सांगितले. मेहुणे किंचित लाजले; आणि मग त्यांनाच सांगण्याची हौस आली. सातोशी ताजिरी नावाच्या जपानी माणसाला लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. शहर वाढले, डबकी-शेते गेली आणि किडेही गेले. मोठेपणी त्याने तोच नाद खेळात आणला. 1996 साली, खिशात मावणाऱ्या यंत्रावर. चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे, एकमेकांशी झुंजवायचे. सुरुवातीला ते 151 होते. पुढचे भाग निघत गेले आणि आता त्यांची संख्या हजारावर गेली आहे. “पण आमच्यात कुणी मरत नसे हं,” मेहुणे म्हणाले. “हरलेला प्राणी नुसता मूर्च्छित पडायचा. दवाखान्यात नेला की पुन्हा टुणटुणीत.”

म्हणजे पुढच्या भागाची ओढ भाचीने वडिलांकडूनच उचलली होती. त्यावर कुणी काही बोलले नाही.

आबा आतापर्यंत आरामखुर्चीतून पाटीकडे टक लावून पाहत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“ह्ये राक्षस बोलणत नाय?”

भाचीने सांगितले, लहान असुर बोलत नाहीत, ते फक्त अंगावर येतात.

“मगे कसले ते राक्षस?” आबा म्हणाले. “राक्षसाक बोलाक येवक व्हया. जो बोलणा नाय तो राक्षस न्हय, रेडो.”

वाचकांपैकी ज्यांनी दक्षिण कोकणातला दशावतार पाहिला नसेल त्यांना आबांचे म्हणणे जरा उलगडून सांगायला हवे. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे ते ठरते, कुणी कोणते सोंग घ्यायचे ते ठरते, आणि संवाद रंगमंचावर उभे राहून त्या त्या क्षणी रचायचे असतात. सामान म्हणाल तर मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडे. तेच बाकडे इंद्राचे सिंहासन, तेच कैलास. साथीला पेटी, मृदंग आणि झांज. अशा उघड्यावाघड्या जागी राक्षसाला नुसते गुरगुरून चालत नाही. देवाने नीतीचा मुद्दा काढला तर राक्षसाला त्याचे खंडन करावे लागते. पहाटे तीन वाजता पेंगणाऱ्या गावाला जागे ठेवण्याची जबाबदारी देवापेक्षा राक्षसावर अधिक असते.

आता माझ्या पोटात एक अपराधाची टोचणी सुरू झाली होती. मराठी रंगभूमीचा इतिहास मी वर्षानुवर्षे शिकवतो. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तिथून तो सुरू होतो. त्या काळच्या पौराणिक नाटकांत देवपार्टी, राक्षसपार्टी आणि स्त्रीपार्टी असे नटांचे गट असत. राक्षसपार्टी आरोळ्या ठोकीत, तलवारी नाचवीत रंगभूमीवर शिरे, आणि त्या आरोळ्यांवरून पुढे शहाण्यासुरत्या मंडळींनी या नाटकांचे नावच ‘अललडुर्र’ ठेवले. वर्गात मी हा शब्द जरा लांबवून उच्चारतो, मुले हसतात, आणि मी 1861 च्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या गद्य नाटकाकडे, म्हणजे सभ्य समाजाकडे, वळतो. ज्या काकांच्या राक्षसावर माझे बालपण पोसले, त्यांच्या धंद्यावर मी पगार घेऊन मुलांना हसवत होतो. ओटीवर भाचीला व्याख्यान देताना मी नेमके त्याच शहाण्यासुरत्यांच्या रांगेत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन यशवंतगडावर गेलो. रेडीच्या खाडीलगतचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी घेऊन दुरुस्त केला. पुढे सावंत, पोर्तुगीज, इंग्रज अशी त्याची फिरतीची नोकरी झाली. आज जांभ्या दगडाच्या तटांना वडापिंपळांच्या मुळ्यांनी विळखे घातले आहेत. एका ओसाड दालनात शिरताच भाची थबकली. “अगदी राजीसारखं!” ती म्हणाली, आणि मोडक्या खांबाला हात घालून तिने गिरकी घेतली. धाकटा तिच्यामागे होता. कोपऱ्यातल्या काळोखाकडे पाहून त्याने तिचा फ्रॉक घट्ट धरला आणि विचारले, “ताई, इथे आहे तो?”

“असला तर मी आहे ना,” ताई म्हणाली.

तटावरून समुद्र दिसत होता. मला वाटले, खेळाचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ झाला. पण ही गोष्ट इतक्या स्वस्तात संपायची नव्हती.

जत्रेच्या रात्री आम्ही दहाच्या सुमारास देवळाशी पोचलो. खाज्याची दुकाने, बुंदीचे कडक लाडू, फुगेवाले, ओटी भरणाऱ्या बायकांची रांग. पालखीची प्रदक्षिणा झाली आणि मध्यरात्रीनंतर मृदंगावर थाप पडली. आधी गणपती, मग सरस्वती, मग काळ्या वेशातला शंखासुर. वेद चोरणारा हा असुर दशावतारात विनोदी होऊन येतो आणि ठेवणीतल्या मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो. भाचा सुरुवातीला आईच्या पदराआड होता. शंखासुराने सरपंचांच्या नावाने एक कोटी केली तेव्हा तो बाहेर येऊन हसला. सगळे सुरळीत चालले होते.

मग आख्यान लागले. महिषासुराचे. पडद्याआडून पहिली आरोळी आली, आणि मृदंगाने असा काही ठेका धरला की माझ्याही पाठीतून शिरशिरी गेली. लाल-काळा रंग फासलेला, मुकुट घातलेला, सहा फूट उंचीचा असुर तलवार फिरवीत आला आणि त्याने पहिल्याच दमात सरळ आमच्या दिशेने डोळे वटारले. बायकापोरांत एक किंकाळी उठली. लोक हसले. दोन-तीन मिनिटांनी बहिणीने मागे वळून विचारले, “तो कुठे आहे?”

भाचा जागेवर नव्हता.

पहिली पाच मिनिटे माणूस धीराने शोधतो. मी खाज्याच्या दुकानांपाशी गेलो, मेहुणे विहिरीकडे धावले. विहीर हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण ते कुठे धावले हे सगळ्यांना कळले. फुगेवाल्याने पाहिले नव्हते. चपलांच्या ढिगाजवळच्या पोराने पाहिले नव्हते. परत आलो तेव्हा बहिणीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि रंगमंचावर असुर इंद्राला दरडावीत होता. त्याच्या प्रत्येक आरोळीला माझे काळीज हलत होते. हसण्यावारी नेलेला सगळा ‘अललडुर्र’ त्या रात्री माझ्याकडून व्याजासकट वसूल होत होता.

तेवढ्यात भाचीने माझी बाही ओढली.

“मामा, राक्षसाकडे बघू या.”

“काय?”

“गोलूला असुरांनीच नेलं होतं. हा पण राक्षसाकडेच असेल.” ती थट्टा करीत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर रंगही नव्हता. त्या मुलीने आधी विचार केला होता, की हरवलेला भाऊ शोधायचा तर सर्वांत जास्त भीती जिथे वाटते तिथे आधी जायचे. आम्ही मोठी माणसे मात्र जिथे दिवे होते तिथे शोधत होतो.

माझी वाट न पाहता ती मंडपाच्या कडेने काळोखात शिरली. मी मागून धावलो. पडद्यामागे एकच दिवा होता. पत्र्याचे पेटारे ओळीने मांडलेले, त्यांवर नट बसलेले. कुणी आरशात पाहून पावडर लावतो आहे, कुणी लुगडे नेसलेला पुरुष बिडी ओढतो आहे. आणि कोपऱ्यातल्या पेटाऱ्यावर आमचे चिरंजीव. त्यांच्यापुढे जमिनीवर उकिडवा बसलेला महिषासुर.

भाची जागीच उभी राहिली. मग एक पाऊल पुढे टाकून ती स्पष्ट आवाजात म्हणाली, “तो माझा भाऊ आहे.”

महिषासुराने वळून पाहिले. “घे गो बाय तुझ्या भावाक,” तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हसला. “मास्तर, तुमचोच काय? माका बघून पळालो, तो माझ्याच पेटाऱ्यार येवन बसलो! रडान रडान जीव टाकी होतो. मगे ह्येका रंग दाखयलो.”

मुलाच्या नाकावर लाल रंगाचा ठिपका होता. असुराने आपल्या गालावरचा रंग बोटाने काढून तो त्याच्या नाकाला लावला होता. असुराच्या गालावर तेवढ्या जागी एका साध्या माणसाची सावळी कातडी दिसत होती. भाच्याच्या हातात खाज्याचा तुकडा होता आणि तो त्या कातडीकडे टक लावून पाहत होता.

पुढे मृदंगाचा ठेका बदलला. असुराने उठून मुकुट नीट केला, गालावर पुन्हा रंग ओढला आणि तलवार उचलली.

“बसा हयसरच,” तो मुलांना म्हणाला. “माका आता मराक जावचा आसा.”

मी बहिणीला बोलावून आणले. ती पोराला पोटाशी धरून बराच वेळ काही बोलली नाही. पण पोरगा घरी यायला तयार होईना. त्याने आणि त्याच्या ताईने ते युद्ध पडद्याच्या फटीतून, पेटाऱ्यावर उभे राहून पाहिले. दुर्गेचा त्रिशूळ छातीशी आला आणि असुर गिरक्या घेत कोसळला, तेव्हा समोर गावाने टाळ्या वाजवल्या; आणि मागे आमचा भाचा रडू लागला. थोड्या वेळापूर्वी ज्याला पाहून तो पळाला होता त्याच्यासाठीच आता रडत होता. असुर आत आला, धोतरावरची धूळ झटकली आणि म्हणाला, “चाय खंय?” भाचा रडता रडता हसला. उजाडताना दहीकाल्याची हंडी फुटली तेव्हा तो मेहुण्यांच्या खांद्यावर गाढ झोपला होता. नाकावरचा ठिपका तसाच होता.

घरी आबा जागे होते. हकीकत ऐकून त्यांनी नटाचे गाव विचारले, त्याच्या बापाला आपण ओळखत होतो असे सांगितले, आणि मग दुपारी ओटीवर धाकट्याने त्यांना गाठले.

“आबा, राक्षस मेला ना? मग परत जत्रेत येणार?”

“येतलो. उद्या दुसऱ्या गावात, परवा तिसऱ्या.”

“मग मारायचा कशाला?”

या प्रश्नावर मी तरी निरुत्तर झालो असतो. आबांनी त्याला जय-विजयांची गोष्ट सांगितली. वैकुंठाच्या दारावरचे हे दोन द्वारपाल. सनकादिक ऋषींना त्यांनी अडवले, शाप मिळाला. देवाने विचारले, सात जन्म भक्त होऊन लांब राहता, की तीन जन्म शत्रू होऊन लवकर परत येता? त्यांनी शत्रू होणे पत्करले. म्हणून ते आधी हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू झाले, मग रावण आणि कुंभकर्ण झाले, मग शिशुपाल आणि दंतवक्र झाले. दर वेळी देवाने नवा अवतार घेतला, नवे हत्यार घेतले. मारणारा तोच आणि मरणारेही तेच.

भाची कान देऊन ऐकत होती. “म्हणजे हे पुढचे भागच झाले की!” ती म्हणाली. “वराह-नरसिंह, मग राम, मग कृष्ण.”

“आणि दहावा अजून यायचा आहे,” मी म्हणालो. “कलियुगाच्या शेवटी.”

“गेमच्या पुढच्या भागाचं नाव तेच आहे,” भाची म्हणाली, आणि तिने वडिलांकडे पाहिले. मेहुण्यांनी वर्तमानपत्र उंच धरले.

पुढचा भाग म्हणजे निव्वळ पैसे काढण्याची युक्ती, हे मेहुण्यांचे मत मला त्या दिवसापासून अर्धेच पटते. धंदा त्यात आहेच. दशावतारी मालकालाही जत्रांच्या सुपाऱ्या हव्याच असतात. पण राक्षसाची गोष्ट मुळातच एका रात्रीत संपणारी नव्हे. आमचे वाडवडील दर दिवाळीला पहाटे तुळशीपाशी कारीट फोडून नरकासुराला मारीत आले. गेल्या वर्षी फोडले म्हणून या वर्षी कुणी सूट घेत नाही. पुण्यातल्या त्या मंडळींनी गोलूला अर्ध्यावर ठेवले यात त्यांचे काही चुकले असेल, पण प्रथा नवी नाही.

फरक आहे तो दुसऱ्या ठिकाणी, आणि तो आबांच्या एका वाक्यात होता. त्यांचा राक्षस बोलतो. त्याला गाव असते, बाप असतो, चहाची तलफ असते. मूल घाबरून पडद्यामागे पळाले तर तो त्याच्या नाकाला रंग लावू शकतो. पाटीवरच्या असुराच्या पेटाऱ्यापर्यंत पळत जाता येत नाही. त्याच्यामागेही माणसेच आहेत, कुणी चित्र काढले, कुणी आवाज दिला, कुणी घर विकले. पण ती माणसे मुलाला दिसत नाहीत. ती दाखवणे हे काम मग घरातल्या कुणाला तरी करावे लागते. मी ते टाळून आत प्रश्नपत्रिका काढीत बसलो होतो.

म्हणून सुट्टीच्या उरलेल्या दिवसांत मी रोज संध्याकाळी भाचीशेजारी बसलो. मला खेळता येत नाही. पहिल्याच असुराने मला सात वेळा लोळवले आणि धाकट्याने टाळ्या वाजवल्या. पण भिंतीवरचे चित्र आले की ती खेळ थांबवी आणि मी त्या चित्रातली गोष्ट सांगे. आबा राक्षसांचे संवाद म्हणत. असुर अंगावर आला की ते आरामखुर्चीतून गरजत, “कोण गो तू? खंयसून इलंस?” आणि ऐंशीच्या घरातला तो आवाज अजून असा लागतो, की शेजारच्या वाडीतली दोन पोरे कुंपणावर येऊन बसू लागली.

कॉलेज उघडल्यावर मी भाव्यांच्या नाटकांचा धडा पुन्हा शिकवला. ‘अललडुर्र’ हा शब्द आला, मुले सवयीने हसली. मी त्यांना थोडे हसू दिले आणि मग विचारले, तुमच्यापैकी लहानपणी राक्षसाला कोण कोण घाबरले होते? बराच वेळ कुणी हात वर केला नाही. मग मी केला. त्यानंतर हळूहळू पुष्कळ हात वर आले.

हे लिहीपर्यंत तरी ‘राजी : कलियुग’ माझ्या भाचीच्या हाती आलेले नाही, आणि नव्या यंत्राचा प्रश्नही मेहुण्यांच्या वर्तमानपत्राआडच आहे. परवा तिचा फोन आला होता. दिवाळीला सगळे रेडीला येत आहेत. भाऊबिजेला ओवाळणी काय मागायची, हे नेहमी बहिणीने ठरवायचे असते; पण यंदा धाकट्याने स्वतःच जाहीर केले आहे, की त्याच्या डब्यातले सगळे पैसे ताईच्या यंत्रासाठी आहेत. मोजले, एकशे चाळीस रुपये भरले.

“आणि मामा,” भाची म्हणाली, “तो विचारतोय, कारीट फोडल्यावर नरकासुराला चहा द्यायचा का?”

आबांना विचारून सांगतो, असे मी म्हटले आहे.